सात इंचांचे काका

मला बस स्टँडवर घ्यायला आलेला माणूस गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या रबरात होता.

त्र्याऐंशीचा ऑगस्ट. नागपूर, मुंबई, लंडन, सॅन फ्रान्सिस्को आणि तिथून बसने सांता रोझा, असा प्रवास करून मी दोन बॅगा आणि सुजलेले पाय घेऊन उतरले होते. बाबांच्या मित्राने सांगितलं होतं, ‘माझा मावसभाऊ घ्यायला येईल. इंजिनियर आहे, सज्जन आहे, त्यांच्याकडेच राहायचं.’ सज्जन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सफारी सूट यायचा. या सज्जनाच्या कानावर समुद्री शेवाळाची एक पट्टी लोंबत होती आणि पावलागणिक त्यांच्या बुटांतून पचक पचक आवाज येत होता.

“नागपूर का?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“पोहता येतं?”

“नाही.”

“मग कॅलिफोर्नियात आलीस कशाला?”

मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस. करायला आले होते. पण ते ऐकायला ते थांबले नाहीत. बॅगा उचलून पचक पचक करत गाडीकडे गेलेसुद्धा. पुढची दोन वर्षं मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहिले. तेवढ्या काळात त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी ‘नागपूर’च राहिले.

काका मूळचे सांगलीचे. कृष्णेच्या पुरात पुलावरून उड्या मारून पोहायला शिकलेले. नोकरी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मैलापाणी खात्यात. एवढ्या मोठ्या अमेरिकेत आमच्या मंडळींना आपली नोकरी चारचौघांत सांगताना जरा पॉलिश करून सांगायची सवय असते. काका महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात नव्या पाहुण्यांना हात जोडून सांगायचे, “मी इथला संडास सांभाळतो. तुम्ही सकाळी जे करता, ते दुपारी माझ्याकडे येतं.” पाहुणे हातातली साबुदाण्याची खिचडी तशीच धरून उभे.

पण ती झाली नोकरी. धर्म वेगळा होता. धर्म म्हणजे ॲबलोनी.

ॲबलोनी ही समुद्रातल्या खडकाला चिकटून राहणारी एक भलीमोठी गोगलगाय. पाठीवर कानाच्या आकाराची एकच शिंप, खाली तळहाताएवढा मांसाचा पाय. त्या पायाने ती खडकाला अशी धरून बसते की नुसत्या हाताने हलवणं अशक्य. छोट्या चपट्या पहारीसारखं एक हत्यार असतं, ते झटकन पायाखाली सरकवून उचकटायची. तिला चाहूल लागायच्या आत जमलं तर जमलं. एकदा का तिने अंग आवळलं की तुम्ही पाण्याखाली, श्वास संपत आलेला, आणि ती ढिम्म. आमच्या किनाऱ्यावर पाठीला हवेची टाकी लावून जायला बंदी होती. छातीत मावेल तेवढ्या श्वासावर जायचं. लायसन्स हवं, माणशी चारच काढायच्या, आणि शिंप सात इंचांपेक्षा लहान असेल तर जिथून काढली तिथेच परत लावायची.

हा शेवटचा नियम काकांचा जीव की प्राण. “सात इंच व्हायला तिला बारा-बारा वर्षं लागतात, नागपूर. तेवढ्यात आपल्याकडे पोरगं सातवीत जातं. सात इंचांखाली नुसतं बघायचं, सात इंचांवर जेवायचं.” मोजमापाची पितळी पट्टी त्यांच्या गळ्यात कायम, ऑफिसातसुद्धा, टायच्या आत.

एक एप्रिलला सीझन उघडायचा, म्हणून काकांचं वर्ष त्या दिवशी सुरू व्हायचं. पाडव्याला ते घरी असतीलच याची खात्री नसायची, पण एक एप्रिलला अंगणात बांबू उभा राहायचा आणि त्यावर वाळत घातलेला रबरी सूट. पहिल्या वर्षी कोणी गळफास लावून घेतला असं समजून समोरच्या बाईंनी पोलीस बोलावले होते. देवघरात पंचांगाच्या शेजारी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक. मंडळाच्या लोकांनी मुंजीचं आमंत्रण द्यायला फोन केला की काका आधी कोष्टक उघडायचे आणि शांतपणे सांगायचे, “त्या दिवशी सकाळी मोठी ओहोटी आहे, पाणी उणे दीड फूट. मुहूर्त चुकीचा काढलाय तुमच्या भटजींनी.”

घरातल्या बाथरूममध्ये त्यांनी जग मांडलं होतं. कमोडवर बसलं की समोरच्या भिंतीवर देशोदेशींच्या ॲबलोनीच्या शिंपा, प्रत्येकीखाली देशाचं नाव मराठीत. जगभरच्या अनोळखी लोकांना पत्रं लिहून त्या मागवलेल्या. बरोबर समोर न्यूझीलंड, कारण तिथली शिंप मोराच्या मानेसारखी निळी आणि तिथेही टाकीला बंदी. तिच्या बाजूला ऑस्ट्रेलिया: “माल भरपूर काढतात, पण परवाने मोजून देतात, शहाणे आहेत.” मेक्सिकोत कोळ्यांच्या सोसायट्या आहेत, हे सांगताना काकांमधला सांगलीकर जागा व्हायचा. “आपल्या साखर कारखान्यांसारख्याच गं, फक्त कोळ्यांसाठी चालवलेल्या.” दक्षिण आफ्रिकेची शिंप देखणी होती, पण भिंतीकडे तोंड करून लावलेली. “गोगलगाय उत्तम, सरकार नालायक. सरकार सुधारलं की सरळ करीन.” चिलीहून एकाने मोठ्या प्रेमाने पाठवलेली शिंप ॲबलोनी म्हणून विकल्या जाणाऱ्या भलत्याच गोगलगायीची निघाली. त्या दिवसापासून काकांसाठी चिली हा देशच उरला नाही. त्यांच्या ऑफिसात चिलीचा एक बिचारा ड्राफ्ट्समन होता, त्याला ते कायम शेजारच्या देशाचा करून “काय, पेरूचे पाहुणे?” म्हणून हाक मारायचे.

भारताच्या नावाचा खिळा मारलेला होता. खिळ्याला काही नव्हतं.

“एवढा किनारा,” काका म्हणायचे, “आणि एक धड ॲबलोनी नाही. नखाएवढ्या असतात म्हणे कुठे तरी दक्षिणेत. देवाने आपल्याला काय दिलं? बोंबील.”

हे सगळं ते बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहून बोलायचे. मी आत. “जपान दिसला का? वरच्या रांगेत बघ!” सकाळच्या लेक्चरला मी उशिरा पोचायचे, तो जगाच्या अभ्यासामुळे.

जपानवरून तर मी यायच्या आधी एकदा रामायण झालं होतं. काकांनी कुठेसं वाचलं की जपानी लोक शुभकार्याच्या आहेरावर वाळवलेल्या ॲबलोनीची पट्टी बांधायचे, आपण पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवतो तशी. झालं. मंडळातल्या एका घरी लग्न होतं, नवऱ्याकडचे लोक कांदासुद्धा न खाणारे. काकांनी गॅरेजमध्ये पट्टी वाळवली, लाल दोऱ्याने आहेराच्या पाकिटाला बांधली आणि वधूच्या हातात दिली. जून महिना, हॉल बंदिस्त. तासाभराने वास कुठून येतोय म्हणून सगळा आहेर टेबलावर उलटा केला. काका पुढे होऊन म्हणाले, “घाबरू नका, शुभ आहे.”

काकूंबद्दल आतापर्यंत काही बोलले नाही, कारण त्या घरात काकू अशाच असायच्या, न बोलता. पुण्याच्या, बारीक अंगाच्या, पब्लिक लायब्ररीत नोकरी. पक्क्या शाकाहारी. लग्नानंतर पहिल्यांदा काकांनी ॲबलोनी स्वयंपाकघरात आणली, तेव्हा काकूंनी आवाज न चढवता सांगितलं होतं, “हे गॅरेजमध्ये.” तेव्हापासून गॅरेजात एक स्टोव्ह, एक तवा आणि लाकडी ठोकणी. ॲबलोनीचं मांस ठोकून मऊ केल्याशिवाय चप्पल खाल्ल्यासारखं लागतं. रविवारी सकाळी गॅरेजमधून धाड धाड आवाज यायचा आणि आत काकू शांतपणे पेपर वाचत असायच्या. काकूंना पाण्याची भीती होती. समुद्रावर त्या कधी आल्या नाहीत.

मी मात्र गेले. दुसऱ्याच महिन्यात काकांनी मला कंबरभर पाण्यात उभं केलं. पाणी इतकं गार की माझे दात एकमेकांवर आपटत होते. “खडकाखाली हात घाल. बोटं तिच्या पायाखाली जाऊ देऊ नकोस. चाचपून बघ!” मी चाचपलं, हाताला काहीतरी गिळगिळीत लागलं आणि मी नागपुरी शिव्या दिल्या. काका खूश झाले. “छान. भाषा आहे तुझ्याकडे. आता हातात ताकद आण.”

त्या दिवशी मी उचकटलेली पहिली ॲबलोनी साडेसहा इंचांची निघाली. काकांनी तिला दोन्ही हातांत धरून परत पाण्यात नेलं, खडकाला लावलं, आणि ती चिकटेपर्यंत तळहाताने दाबून धरलं. एका लाटेखाली ते पूर्ण गेले, तरी हात तिथेच. वर आल्यावर म्हणाले, “नुसती टाकून दिली तर उलटी पडते आणि खेकडे खातात. आणि कापली तर मेलीच. हिचं रक्त गोठत नाही, नागपूर. एक ओरखडा पडला तरी वाहत राहतं.”

आता चौऱ्याऐंशीच्या मे महिन्याची गोष्ट.

काकूंचे थोरले भाऊ सॅन होजेला हार्ट सर्जन होते. मोठी गाडी, मोठं घर, मंडळाचे दोन वेळचे अध्यक्ष. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे, काकूसुद्धा इतरांसमोर दादा न म्हणता डॉक्टरसाहेबच. मुंबईहून येणाऱ्या कोणा बड्या पाहुण्यांसाठी त्यांच्याकडे पार्टी होती आणि त्यांना टेबलावर ॲबलोनी हवी होती. त्यांनी काकांना फोन केला. काका म्हणाले, “मी काढून देणार नाही. स्वतः या, लायसन्स काढा, पाण्यात उतरा.”

ते आले. बरोबर दोन डॉक्टर मित्र. तिघांचे नवे कोरे रबरी सूट, तिघांची लायसन्सं. काकांनी त्यांना खडकावर उभं करून पाऊण तास नियम समजावले. डॉक्टरसाहेब घड्याळ बघत होते. मग काका पलीकडच्या खोल पाण्यात गेले आणि हे तिघं अलीकडे, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांत. मी वाळूवर चहाचं सामान घेऊन बसले होते.

तासाभराने डॉक्टरसाहेब माझ्याकडे आले. त्यांच्या हातात विमान कंपनीची एक जाड बॅग होती, वर टॉवेल.

“बेटा, एवढं वर गाडीत ठेवशील? आमचे हात भरलेत.”

मी उचलली. जड होती. दगडांची वाट चढून कड्यावर आले तर समोर वॉर्डन. मासेमारीचे नियम पाळले जातात की नाही हे बघणारा सरकारी अधिकारी, कमरेला पिस्तूल, गळ्यात दुर्बीण. तांबूस मिशांचा हा उंच माणूस काकांना दहा वर्षं ओळखत होता. काका दर दिवाळीला त्याला चकल्या नेऊन द्यायचे.

“बॅगेत काय आहे, मिस?”

“टॉवेल,” मी म्हटलं, कारण मला खरंच तेवढंच माहीत होतं.

त्याने टॉवेल उचलला. खाली सात ॲबलोनी होत्या. एकही सात इंचांची नव्हती.

मी मागे वळून बघितलं. डॉक्टरसाहेब माझ्यापासून दहा पावलांवर होते. हातातल्या जाळीत कायदेशीर मापाच्या चार. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी वाट बघत राहिले. ते समुद्राकडे बघायला लागले, जणू त्यांना आत्ताच कळलं होतं की इथे समुद्र आहे.

“तुमचं लायसन्स?” वॉर्डनने मला विचारलं. माझ्याकडे त्या वर्षीचं नव्हतंच. मला फक्त माझा स्टुडंट व्हिसा दिसत होता, आणि नागपूरच्या स्टेशनवर रुमाल हलवणारे बाबा. 

तेवढ्यात मागून पचक पचक आवाज आला. काका वर आले. त्यांनी बॅगेत बघितलं, माझ्याकडे बघितलं, मेव्हण्याकडे बघितलं. सगळं मिळून दोन सेकंद.

“ती बॅग माझी आहे,” काका इंग्रजीत म्हणाले. “मुलीला मी उचलायला सांगितली. तिला आतलं काही ठाऊक नाही.”

वॉर्डन त्यांच्याकडे बघतच राहिला. “तुझी?”

“माझी.”

“तू. सात. लहान.”

“हो.”

“तुझ्या गळ्यात माप आहे.”

“चष्मा घरी राहिला,” काका म्हणाले. त्यांना चष्मा नव्हता.

वॉर्डनने डॉक्टरसाहेबांकडे एकदा बघितलं, खूप वेळ. मग खिशातून पावतीपुस्तक काढलं. लिहिताना त्याचा चेहरा असा झाला होता की त्यालाच कोणीतरी पकडलं असावं. काकांचं हत्यार, जाळी आणि लायसन्स त्याने ताब्यात घेतलं. काकांनी एकच विनंती केली: “लिहून झालं असेल तर या परत लावून येऊ दे.”

मग काका आणि वॉर्डन, एक रबरात आणि एक गणवेशात, दोघं पाण्यात उतरले. पाच लागल्या. उरलेल्या दोन ॲबलोनी डॉक्टरसाहेबांनी स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्या होत्या. त्यांच्या पायांवर लांब चिरा होत्या आणि त्यातून पाण्यासारखं निळसर काहीतरी ठिबकत होतं. काकांनी त्यासुद्धा लावून बघितल्या. मी वरून बघत होते. ते बराच वेळ हात दाबून वाकलेले होते, आणि वॉर्डन शेजारी टोपी काढून उभा होता.

परतीच्या वाटेवर पंचवीस मैल काका नुसती गाडी हाकत राहिले. मग एकदम कडाडले, “दुसऱ्याची बॅग हातात घेताना आत काय आहे ते बघत नाहीस? जंतूंचा अभ्यास करतेस ना? सूक्ष्मदर्शकातून? सात ॲबलोनी दिसल्या नाहीत तुला?”

मी रडायला लागले. म्हटलं, मी उद्याच जाऊन खरं सांगते.

“अजिबात नाही,” काका म्हणाले. “तू बोललीस तर मी खोटारडा ठरेन. सध्या मी फक्त चोर आहे. तेवढंच राहू दे.”

कोर्टात मी गेले होते. पाच मिनिटांचं काम. जज्जने दंड सांगितला आणि एक सीझन लायसन्स बंद. काका उभे राहिले. मला वाटलं, माफी मागतील. “युअर ऑनर, सात लहान ॲबलोनींना एवढीच शिक्षा? ही तर थट्टा झाली. न्यूझीलंडमध्ये—” आणि त्यांनी जगाचा दौरा सुरू केला. ऑस्ट्रेलियापर्यंत पोचले तेव्हा जज्जने हातोडा आपटला आणि सांगितलं की हवं असेल तर दोन सीझन बंद करतो. काका म्हणाले, “थँक यू,” आणि खाली बसले. दोन सीझन झाले.

त्या संध्याकाळी डॉक्टरसाहेबांचा फोन आला. काकूंनी घेतला. पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं, हसण्याचा आवाजसुद्धा आला. पार्टी झकास झाली होती बहुतेक. काकू ऐकत होत्या. काकांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं आणि मीही शपथ घातल्यासारखी गप्प होते. पण काकू लायब्ररीत रोज तीस माणसांच्या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधून देत असत. त्यांना नवरा आणि भाऊ यांतला चोर कोण हे कळायला कितीसा वेळ लागणार?

“दादा,” काकू म्हणाल्या. डॉक्टरसाहेब नाही, दादा. “ह्या भाऊबीजेला तू येऊ नकोस. त्या मुलीला पत्र लिहून माफी माग, मग बघू.”

आणि फोन ठेवून पोळ्या लाटायला गेल्या.

पत्र आलं नाही. भाऊबीजेला ताट केलं गेलं नाही.

त्यानंतरचं वर्ष काकांसाठी वाईट गेलं. बोलायचे, पण जोर नव्हता. ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनला एकदा चक्क “काय, चिली?” म्हणाले, तेव्हा त्या माणसाने काळजीने घरी फोन केला. ओहोटीच्या सकाळी ते गाडी घेऊन कड्यावर जायचे आणि नुसते बसून राहायचे. मी बरोबर गेले तर लोकांची मापं लांबूनच ओळखायचे. “ती सव्वासहा. बघ, परत लावतोय का गाढव.”

काकू त्या हिवाळ्यात मंगळवार-गुरुवार उशिरा घरी यायला लागल्या. लायब्ररीत काम आहे म्हणायच्या. त्यांच्या केसांना क्लोरीनचा वास यायचा. काकांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं नाक आयुष्यभर मैलापाण्यात गेलं होतं. माझ्या लक्षात आलं, आणि मी काही बोलले नाही. काकूंनी माझ्याकडे एकदा नुसतं बघितलं होतं, तेवढं पुरलं.

पंच्याऐंशीच्या एक एप्रिलला सकाळी काका अंगणात बांबूकडे बघत उभे होते. दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. अंगावर नवा रबरी सूट. वेणी आत खोचलेली. हातात स्वतःच्या नावाचं लायसन्स.

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“ओहोटी थांबणार नाही,” काकू म्हणाल्या. “गाडी काढा.”

 किनाऱ्यावर पोचल्यावर मात्र काकांना कंठ फुटला. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडत होते. “डावीकडे! लाट बघ! पाठ समुद्राकडे करू नकोस! खडकाला धर!” छातीएवढ्या पाण्यात पोचलेल्या काकू मागे वळल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. काका गप्प झाले. मी त्यांचा दंड धरून ठेवला.

काकू वाकल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी मोजायला लागले. काका मोजत नव्हते, ते नुसतेच श्वास धरून उभे होते. काकू वर आल्या, रिकाम्या हातांनी. परत गेल्या. परत रिकाम्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा काकांनी सगळे कपडे अंगावर असताना पाण्यात धाव घेतली. पण ते पोचायच्या आत काकू वर आल्या होत्या, खोकत, नाकातोंडातून पाणी गळत, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेली एक ॲबलोनी.

वाळूवर येऊन त्यांनी स्वतःच्या पट्टीने मापली. सव्वासात. मग ती काकांच्या हातात दिली. काका तिच्याकडे बघेचनात. काकूंकडेच बघत होते. काकूंचे ओठ निळे पडले होते आणि हनुवटी हलत होती.

“एवढं गार असतं पाणी?” काकू म्हणाल्या. “इतकी वर्षं जाताय. कधी बोलला नाहीत.”

“तुला आवडत नव्हतं ना हे सगळं,” काका म्हणाले.

“म्हणून काय झालं? गार आहे एवढं तरी सांगायचं.”

काकांनी ॲबलोनी माझ्याकडे दिली. पळत गाडीकडे गेले, कोमट पाण्याचा मोठा थर्मास घेऊन आले, आणि पाणबुडे करतात तसं काकूंच्या मानेपाशी सूट जरासा ताणून आत ओतायला लागले. काकू दचकल्या. मग त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

“अजून ओता,” त्या म्हणाल्या.